टी-शर्ट अस्सल, तरी जाहिरात गायब

जुन्या बँडच्या वस्तू जमवणाऱ्याला त्यातली एखादी विकायला काढणंच मुळात जड जातं. दौऱ्यात घेतलेला आणि वर्षानुवर्षं घडी घालून जपलेला टी-शर्ट, कडा पिवळ्या पडलेलं पोस्टर, ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेली सीडी. मनाची तयारी करून फोटो काढायचे, चार ओळी लिहायच्या, किंमत टाकायची. आणि मग ऑनलाइन बाजारपेठेकडून कोरडा ईमेल येतो की हक्कधारकाच्या तक्रारीमुळे तुमची जाहिरात काढून टाकली आहे. वस्तू अस्सल, रोख पैसे मोजून घेतलेली, आणि तरी नकली माल विकल्याचा ठपका. राग येतो आणि त्याहून जास्त गोंधळ उडतो.

रागाच्या भरात उत्तर लिहिण्याआधी त्या ईमेलमध्ये एकच गोष्ट शोधावी: तक्रार कोणत्या हक्काखाली केली आहे? कॉपीराइट, ट्रेडमार्क की आणखी काही? पुढची सगळी वाट त्यावर ठरते. आणि बहुतेक विक्रेते नेमकं तेवढंच न वाचता ‘अहो, पण हा खराच आहे’ असं कळवळून लिहीत बसतात.

एका शर्टावर अनेकांचे हक्क

शर्ट तुमचा आहे. कापड, शाई, विरलेली कॉलर, सगळं तुमचं. पण त्यावर छापलेल्या बँडच्या नावावर आणि बोधचिन्हावर ट्रेडमार्क असतो. तो बहुधा बँडकडे किंवा बँडच्या कंपनीकडे असतो. चित्रावर कॉपीराइट असतो, आणि तो चित्रकाराकडे, फोटोग्राफरकडे, रेकॉर्ड कंपनीकडे किंवा माल छापणाऱ्या कंपनीकडे असू शकतो. गायकाचा चेहरा छापलेला असेल तर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत स्वतःच्या प्रतिमेच्या व्यापारी वापरावर त्या व्यक्तीचा वेगळा हक्क असतो आणि काही राज्यांत तो मृत्यूनंतर वारसांकडे जातो. म्हणजे एकाच शर्टाबद्दल एकमेकांशी संबंध नसलेले तीन पक्ष तक्रार करू शकतात, आणि त्या प्रत्येकाला द्यायचं उत्तर वेगळं.

तक्रार आली की बाजारपेठ शर्ट खरा की खोटा हे का तपासत नाही? कारण कायद्याने तिला तसं करण्यात काही फायदा ठेवलेला नाही. अमेरिकेत 1998 साली डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘डीएमसीए’ म्हणतात. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला जबाबदार धरायचं नाही, पण तक्रार आल्यावर त्याने तो मजकूर लगेच काढला पाहिजे, असा तो सौदा आहे. ट्रेडमार्कसाठी असा लिखित कायदा नाही, पण रिवाज तसाच पडला. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने ईबे या ऑनलाइन बाजारपेठेविरुद्ध नकली मालावरून दावा लावला होता. 2010 साली अपील न्यायालयाने ठरवलं की बाजारात कुठेतरी नकली माल आहे एवढी मोघम माहिती ईबेला दोषी ठरवायला पुरेशी नाही. नेमक्या जाहिरातीची माहिती असायला हवी. याचा व्यवहारातला अर्थ असा की नेमक्या जाहिरातीवर बोट ठेवलं गेलं, की ती उतरवणंच कंपनीला सोयीचं. ईबेची ‘व्हेरो’ नावाची योजना याच कामासाठी आहे. तिथे नोंदणी केलेला हक्कधारक तक्रार करतो आणि जाहिरात खाली येते.

तक्रार करणारा बहुतेकदा बँडचा कोणी माणूसही नसतो. ब्रँडच्या रक्षणासाठी नेमलेल्या संस्था नावं आणि चित्रं यंत्राने शोधतात आणि घाऊक तक्रारी पाठवतात. त्या यंत्राला 1987 चा विरलेला शर्ट आणि काल छापलेली नक्कल यांत फरक करता येतोच असं नाही. म्हणून असा ईमेल म्हणजे एका बाजूचं म्हणणं आहे, एवढंच. न्यायनिवाडा अजून कोणीही केलेला नाही.

विकलेली वस्तू पुन्हा विकण्याचा हक्क

संग्राहकाच्या हातातलं सगळ्यात भक्कम हत्यार शंभर वर्षांहून जुनं आहे. बॉब्ज-मेरिल या अमेरिकन प्रकाशकाने एका पुस्तकात छापलं होतं की किरकोळ किंमत एक डॉलर, त्याहून कमीला विकाल तर कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या दुकानाने ते 89 सेंटना विकलं. 1908 साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: प्रत एकदा विकली की ती पुढे कोणी कितीला विकावी यावर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. हाच पहिल्या विक्रीचा सिद्धांत. नवी प्रत काढण्याचा हक्क मूळ मालकाकडेच राहतो; हातातली प्रत मात्र तुम्ही विकू शकता, देऊन टाकू शकता, फाडूही शकता. पुढे हा सिद्धांत अमेरिकन कॉपीराइट कायद्याच्या कलम 109 मध्ये आला.

संगीतवेड्या विक्रेत्याने लक्षात ठेवावा असा खटला मात्र याहून ताजा आहे. ट्रॉय ऑगस्टो हा माणूस जुन्या मालाच्या दुकानांतून प्रचाराच्या सीडी घेऊन ईबेवर विकायचा. युनिव्हर्सल म्युझिक या सीडी समीक्षकांना आणि रेडिओवाल्यांना न मागता पाठवायची आणि वर छापायची: फक्त प्रचारासाठी, विक्रीसाठी नाही. युनिव्हर्सलने ईबेकडे तक्रारी केल्या, ऑगस्टोने प्रत्येक वेळी त्यांना उत्तर दिलं, अखेर प्रकरण न्यायालयात गेलं. 2011 साली नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ऑगस्टोच्या बाजूने कौल दिला. न मागता पाठवलेली, परत न मागितलेली, पुढे तिचं काय झालं हेही न विचारलेली सीडी ही दिलेलीच सीडी. वर शिक्का मारल्याने ती कंपनीच्या मालकीची राहत नाही. प्रचाराच्या रेकॉर्ड जमवणाऱ्या प्रत्येकाने हा खटला नावानिशी पाठ करावा असं मी म्हणेन, कारण त्या छापील ओळीला घाबरून निम्मे लोक आधीच माघार घेतात.

डिजिटल फाइलला मात्र हे संरक्षण मिळत नाही. रीडिजी नावाच्या कंपनीने विकत घेतलेल्या गाण्यांच्या फाइली पुन्हा विकण्याची सोय काढली होती. 2018 साली अपील न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, कारण फाइल पाठवताना नवी प्रत तयार होतेच. तेव्हा जुनी कॅसेट विका, पण तिच्यावरून बनवलेली फाइल सोबत ‘भेट’ म्हणून देऊ नका.

ट्रेडमार्कच्या बाजूनेही जुन्या वस्तू विकणाऱ्याची पाठ राखलेली आहे. चॅम्पियन कंपनीचे वापरलेले स्पार्क प्लग दुरुस्त करून विकणाऱ्यावर कंपनीने खटला भरला, तेव्हा 1947 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्लगवर नाव राहू द्या, फक्त माल वापरलेला-दुरुस्त केलेला आहे हे स्पष्ट लिहा. आणि जाहिरातीच्या मथळ्यात बँडचं नाव टाकता येतं का, याचं उत्तर तर एका बँडनेच मिळवून दिलं. न्यू किड्स ऑन द ब्लॉकने दोन वृत्तपत्रांवर दावा केला होता, कारण त्यांनी वाचकांना पैसे पडणाऱ्या फोनवरून लाडका सदस्य निवडायला सांगितलं होतं. 1992 साली न्यायालयाने बँडला सांगितलं: तुमच्याबद्दल बोलायचं तर तुमचं नाव घ्यावंच लागेल. गरजेपुरतं घ्यावं आणि बँडचीच मान्यता आहे असं भासवू नये, एवढीच अट. त्यामुळे ‘अमुक बँडच्या 1991 च्या दौऱ्याचा शर्ट’ हा मथळा चालतो. स्वतःच्या दुकानाच्या नावात बँडचं नाव आणि बोधचिन्ह घालणं चालत नाही.

जिथे पाय घसरतो तो बूटलेग

आता अवघड भाग: बूटलेग, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय बनवलेला माल. वरचा सगळा आधार एका अटीवर उभा आहे: प्रत मुळात कायदेशीरपणे बनलेली असली पाहिजे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मैफल संपवून बाहेर पडलं की अधिकृत दुकानाच्या निम्म्या किमतीत शर्ट विकणारे उभे असत. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलींबाहेरच्या वाहनतळावर तर अख्खी जत्राच भरायची. चाहतेच शर्ट रंगवून, छापून विकत आणि त्या पैशांत पुढच्या गावाला जात. संग्राहकांच्या जगात हे ‘पार्किंग लॉट’ शर्ट आज मानाने मिरवतात. काहींची चित्रं अधिकृत मालापेक्षा सरस असतात. पण कायद्याच्या नजरेत परवाना नसलेला शर्ट 1979 मध्ये नकली होता आणि आजही नकलीच आहे. वय झालं म्हणून तो शुद्ध होत नाही. एट्सीवर वीस वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला ‘व्हिंटेज’ म्हणता येतं, पण तो त्या बाजारपेठेचा वर्गवारीचा नियम आहे. त्यातून विकण्याचा परवाना मिळत नाही. मुदत संपण्याची वाट पाहणंही फोल आहे. अमेरिकेत कंपनीसाठी काढलेल्या आणि 1985 साली प्रसिद्ध झालेल्या चित्राचा कॉपीराइट 95 वर्षं, म्हणजे 2080 अखेर चालेल. ट्रेडमार्क तर वापरात असेपर्यंत संपतच नाही.

अनधिकृत ध्वनिमुद्रणांचंही तसंच. ग्रेटफुल डेडने 1984 पासून मैफली रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच ठेवली होती, इतका हा बँड सैल. पण टेपांची अदलाबदल करा, विकू नका, हा दंडक तिथेही होता. अमेरिकेत 1994 पासून कलाकाराच्या परवानगीशिवाय केलेल्या मैफलीच्या मुद्रणाचा व्यापार हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. रेकॉर्डची नोंद आणि विक्री होणाऱ्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर अशा रेकॉर्डची माहिती नोंदवलेली सापडते, पण ती तिथे विकायला बंदी आहे.

माझं मत विचाराल तर बूटलेगवरच्या तक्रारीशी लढू नये. भावना कितीही खरी असली तरी बाजू लंगडी असते, आणि लढण्यासाठी जे शपथेवर लिहून द्यावं लागतं ते लिहिताना हात थरथरायला हवा.

मग आपला शर्ट कुठल्या गटातला, हे ठरवायचं कसं? छपाईच्या तळाशी बारीक अक्षरांत कॉपीराइटची ओळ शोधा: वर्ष, बँडच्या कंपनीचं नाव आणि बऱ्याचदा परवानाधारक छपाई कंपनीचं. विंटरलँड, ब्रॉकम, जायंट ही नावं त्या काळच्या अधिकृत मालावर दिसतात. अशी ओळ नसणं हा पुरावा नाही, पण इशारा नक्की आहे. बाही आणि खालच्या काठाला एकेरी शिवण असेल तर शर्ट साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचा असण्याची शक्यता जास्त. अमेरिकन कपड्यांवर धुण्याच्या सूचनांची पट्टी 1972 पासून सक्तीची झाली, त्यामुळे मूळची पट्टी असलेला शर्ट ‘1968 चा’ म्हणून कोणी देत असेल तर हसून नकार द्यावा. छापलेलं वर्ष मात्र फसवतं; ते चित्राचं असतं, शर्टाचं असेलच असं नाही. आणि जुन्या कोऱ्या शर्टांवर आजची छपाई करणारे उस्ताद आहेत. तुम्ही स्वतःच फसलेले असाल तर तक्रार बरोबर ठरते.

पोस्टरांची गंमत वेगळी. साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मैफलींची पोस्टरं अनेकदा पुन्हापुन्हा छापली गेली. पहिली छपाई आणि नंतरची अधिकृत छपाई दोन्ही कायदेशीर, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. नंतरची छपाई पहिली म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक, कॉपीराइटशी तिचा संबंध नाही. त्या काळी अमेरिकेत कॉपीराइटची खूण न छापता प्रसिद्ध केलेलं चित्र हक्कमुक्त होऊन जायचं. त्यामुळे काही जुन्या पोस्टरांवर आज चित्राचा हक्क कोणाकडेच नाही, आणि ती खूण आहे की नाही हे बघणं सोपं काम आहे.

फोटो काढला म्हणून तक्रार?

होय, तेही होतं. पोस्टर विकण्याचा हक्क तुमचा, पण पोस्टरचा फोटो ही चित्राची आणखी एक प्रत आहे, असा युक्तिवाद करता येतो. ब्रिटनच्या कायद्याने हा प्रश्न सरळ सोडवला आहे: कलाकृती विकण्याच्या जाहिरातीसाठी तिची प्रतिमा वापरणं हा भंग नाही. अमेरिकेत तसं स्पष्ट कलम नाही. तिथे ‘न्याय्य वापर’ या तत्त्वावर विसंबावं लागतं. ग्रेटफुल डेडच्या इतिहासावरच्या एका पुस्तकात मैफलींची पोस्टरं लहान आकारात छापली होती. पोस्टरांचे हक्क असलेल्या बिल ग्रॅहम आर्काइव्हजने दावा केला आणि 2006 साली हरली. चित्रं लहान होती, मजकुराच्या ओघात होती, मूळ पोस्टरची जागा घेत नव्हती. विक्रेत्याने यातून घ्यायचा धडा उघड आहे: कोणी डाउनलोड करून भिंतीवर लावू शकेल एवढ्या मोठ्या आकाराचा, सपाट, निर्दोष स्कॅन टाकू नका. टेबलावर ठेवलेल्या पोस्टरचा, कोपऱ्यातली घडी आणि टाचणीची भोकं दिसतील असा फोटो टाका. ग्राहकालाही तोच हवा असतो. बँडच्या दुकानावरून उचललेलं चित्र तर अजिबात नको. तो फोटो दुसऱ्याचा आहे आणि त्यावरची तक्रार तुम्ही हमखास हराल. रेकॉर्ड वाजते हे दाखवायला व्हिडिओ जोडत असाल तर गाणं ओळखणारी यंत्रणा तो व्हिडिओ वेगळाच उडवू शकते.

उत्तर द्यायचं कसं

तक्रार अमेरिकन कॉपीराइटची असेल तर डीएमसीएनेच उत्तराची वाट ठेवली आहे: प्रतिनोटीस. त्यात काय काढलं गेलं आणि ते कुठे होतं हे लिहायचं, ते चुकून किंवा ओळखण्यातल्या गफलतीने काढलं असा आपला प्रामाणिक विश्वास आहे असं खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून सांगायचं, नाव-पत्ता-फोन द्यायचा, अमेरिकन संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करायचं आणि सही करायची. त्यानंतर तक्रारदाराने न्यायालयात धाव घेतली नाही तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत यायला हवा. तुमचा पत्ता तक्रारदाराकडे जातो, हे मात्र आधीच माहीत असू द्या. प्रतिनोटिशीचा मजकूर थंड ठेवा. ‘ही अधिकृत परवान्याने बनलेली मूळ वस्तू आहे, मी तिची मालक आहे, कलम 109 नुसार तिची पुनर्विक्री करत आहे’ एवढं पुरतं. बँडवर तुमचं किती प्रेम आहे ते तिथे लिहू नका.

ट्रेडमार्कच्या तक्रारीला ही प्रतिनोटीस लागू होत नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. त्या ईमेलमध्ये तक्रारदाराचा संपर्क दिलेला असतो. त्यालाच लिहून तक्रार मागे घ्यायला सांगावं लागतं. लेबल, शिवण, कॉपीराइटची ओळ, जुनं तिकीट किंवा पावती असे फोटो एकाच पत्रात पाठवा. कधीकधी दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतली जाते, कधी कोणी उत्तरच देत नाही.

एका जाहिरातीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. कारण खात्यावर डाग साठत जातात. डीएमसीएचं संरक्षण हवं असेल तर वारंवार भंग करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण ठेवणं संकेतस्थळांना भाग असतं. खोट्या तक्रारीही त्यात मोजल्या जातात, कोणी आव्हान दिलं नाही तर. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते, पण ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणं कठीण. 2022 पासून अमेरिकेत कॉपीराइट क्लेम्स बोर्ड हे छोट्या दाव्यांचं मंडळ आहे. 30,000 डॉलरपर्यंतच्या दाव्यांत खोट्या तक्रारीचाही समावेश होतो. समोरच्याला तिथून बाहेर पडायची मुभा आहे, हा त्यातला कच्चा दुवा.

काढलेली जाहिरात उत्तर न देता तशीच पुन्हा टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. यंत्राला ते निर्ढावलेपण वाटतं.

युरोपात माल पाठवणाऱ्यांसाठी एक खाच आहे. 1998 च्या सिल्हुएट खटल्यानंतर तिथे नियम असा की ट्रेडमार्कधारकाचा ताबा सुटतो तो फक्त युरोपीय आर्थिक क्षेत्रात त्याच्या संमतीने विकलेल्या मालावरचा. अमेरिकेतल्या मैफलीत विकलेला अस्सल शर्ट युरोपात आणून व्यापार म्हणून विकला तर हक्कधारक हरकत घेऊ शकतो, शर्ट कितीही खरा असो. दिलासा एवढाच की 2011 च्या लॉरिअल विरुद्ध ईबे निकालानुसार घरातली वस्तू खासगीरीत्या विकणाऱ्याला ट्रेडमार्क आडवा येत नाही. विक्रीचं प्रमाण आणि वारंवारता वाढली की मात्र ती व्यापारात मोडते. युरोपातल्या मोठ्या बाजारपेठांना फेब्रुवारी 2024 पासून डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टखाली जाहिरात काढण्याचं कारण लेखी द्यावं लागतं आणि सहा महिने तरी त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवावी लागते. ती जरूर वापरावी.

वस्तूत फेरफार केला तर सगळं गणित बदलतं. जुने शर्ट कापून गोधडी शिवणं, मासिकातली पानं फरशीवर चिकटवून विकणं, हे अजूनही धूसर आहे. पुस्तकातली आणि कार्डांवरची चित्रं फरशीवर चिकटवून विकणाऱ्या एकाच कंपनीबद्दल एका अपील न्यायालयाने 1988 मध्ये एक सांगितलं आणि दुसऱ्याने 1997 मध्ये नेमकं उलट.

शेवटी हस्ताक्षरातल्या वस्तू: पत्रं, गाण्यांचे कच्चे खर्डे. कागद तुमचा, शब्द लिहिणाऱ्याचे. कागद विकता येतो, पण सगळा मजकूर वाचता येईल असा फोटो टाकला तर ते शब्द तुम्हीच प्रसिद्ध केल्यासारखं होतं. एखादी ओळ दिसेल आणि बाकी झाकलेलं राहील असा फोटो काढावा. आणि अशा वस्तूंवर तक्रार येते ती बहुधा कॉपीराइटची नसतेच, ती असते ‘हे आमच्याकडून चोरीला गेलंय’ अशी. ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या एका गाजलेल्या अल्बमच्या हस्तलिखित ओळींची सुमारे शंभर पानं विकायला निघाली, तेव्हा बँडचा गायक डॉन हेन्लीने ती चोरीची असल्याचं म्हटलं आणि न्यूयॉर्कमध्ये तीन जणांवर फौजदारी खटला उभा राहिला. मार्च 2024 मध्ये, सुनावणी चालू असतानाच, नवे ईमेल समोर आल्यावर सरकारी पक्षाने तो मागे घेतला. पण तोवर आरोपींची काही वर्षं त्यात गेली होती. तेव्हा असा कागद विकायला काढण्याआधी तो कोणाकडून, कधी, कसा आला याची लेखी साखळी जुळवून ठेवावी. चोरीचा दावा आलाच, तर विक्री थांबवून वस्तू आपल्याचकडे ठेवावी आणि बाजारपेठेला नव्हे, वकिलाला फोन करावा.